बंदी की कर?

नागरिकाने काय खावं, काय प्यावं, यात सरकारने पडावं का? हस्तक्षेपाचे मार्ग मुख्यतः दोन: सरळ बंदी किंवा सक्ती, नाहीतर कर आणि इशारे.

बंदीचा मोठा दाखला अमेरिकेचा. 1920 मध्ये तिथे दारूचं उत्पादन आणि विक्री घटनादुरुस्तीने बंद झाली. पिणाऱ्यांनी चोरवाटा शोधल्या, धंदा टोळ्यांच्या हाती गेला आणि 1933 मध्ये बंदी उठवावी लागली. माणसाला हवी असलेली गोष्ट कायद्याने नाहीशी होत नाही, ती फक्त नजरेआड जाते, आणि तिथे तिच्या दर्जावर कुणाचीच देखरेख उरत नाही.

कराचा मार्ग मला जास्त पटतो. ब्रिटनने 2018 मध्ये साखरयुक्त शीतपेयांवर टप्प्यांचा कर लावला: 100 मिलीलीटरमध्ये 5 ग्रॅमपासून एक दर, 8 ग्रॅमपासून चढा. कर लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी साखर कमी केली. पिणाऱ्याची निवड शाबूत राहिली, बाटलीतला ऐवज मात्र बदलला. अर्थात असा कर गरिबाच्या खिशाला जास्त जाचतो, ही तक्रार खरी आहे, आणि गोळा झालेला पैसा कुठे जातो हे सरकारने उघडपणे सांगायलाच हवं.

सीटबेल्टच्या बाबतीत मात्र मी सक्तीच्या बाजूने आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने ती 1970 मध्येच केली. तिथे माणसाकडून जातो एक क्षण, आणि वाचतो तो जीव. खाण्यापिण्यातला, रोजच्या जगण्यातला आनंद हिरावणाऱ्या बंदीला हा न्याय लावता येत नाही.