पोरीनं स्वतःचे केस कापले तर कुठं न्यायचं? शहापूरच्या कटिंगच्या दुकानाचा अनुभव

बेळगावात पोरांची कटिंग करणारी दुकानं गल्लीगल्लीत आहेत, पण पोरानं स्वतःच कापून ठेवलेले केस निस्तरून देणारा माणूस पाहिजे असेल तर शहापूर खडेबाजाराच्या अंगाला एका बोळात जुनं दुकान आहे तिथं जावा. दोन खुर्च्या, एक बाकडं, बोर्ड कन्नड मराठी दोन्हीत पण उन्हानं अर्धा उडालेला.

आमची लेक पाच वर्षांची. एप्रिलची सुट्टी लागली, भर दुपारी घरात सगळे आडवे झालेले, आणि हिनं क्राफ्टच्या कात्रीनं पुढचे केस कापून टाकले. ती टोकं गोल असलेली पोरांची कात्री असते ना, तीच. टोक गोल असतंय ते टोचू नये म्हणून, केस त्यानं मस्त कापले जातात हे आता कळलं. भांगाच्या डाव्या बाजूला दोन बोटं रुंदीचा पट्टा पार मुळापासून गेलेला, उजवीकडं एक झुपका भुवईपर्यंत, आणि कानापुढची एक लांब बट तशीच लोंबत. कापलेले केस फेकले पण नव्हते, कंपासबॉक्समध्ये पेन्सिलीच्या सालपटांबरोबर नीट भरून ठेवलेले. काय करालीस गे म्हणून विचारलं तर शांतपणे सांगितलं, "चित्र काढताना डोळ्यात येत होते." आता यावर काय बोलणार. तसं तीन-चार वर्षांची झाली की पोरं कात्री चालवायला शिकतात आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं हा प्रकार कुठल्याही घरात होऊ शकतो, आमच्या शेजारच्या काकू तर हसून म्हणाल्या की आमच्यात तिन्ही पोरांनी केलंय.

पण आमची घाई वेगळी होती. वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक तोंडावर, आणि गल्लीच्या मंडळाच्या सजीव देखाव्यात जिजाऊंच्या मागं उभ्या राहणाऱ्या पोरींत हिचं नाव. आज्जीचं एकच, सरळ टक्कल करून आणा, नवीन केस दाट येतील. (हे घराघरात सांगतात पण तसं काय होत नाही. केसाचं मूळ कातडीच्या आत असतंय, वस्तरा वरचं काढतो, कापलेलं टोक बोथट असतंय म्हणून हाताला राठ लागतंय एवढंच.)

आधी एका एसी सलूनला नेलं, नाव घेत नाही. तिथल्या पोरानं बघितलं न बघितलं आणि म्हणाला सगळी झालर त्या पट्ट्याच्या मापात आणूया, म्हणजे कपाळावर जेमतेम अर्धा इंच केस उरणार! वर हेअर स्पाचं पॅकेज, पाच वर्षांच्या पोरीला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर ब्लोअर सुरू झाला तशी ही खुर्चीखाली जाऊन बसली ती बाहेर यायलाच तयार नाही. उठलो तिथनं.

मग शहापूरच्या त्या जुन्या दुकानात गेलो, दुकानदाराला सगळे मामाच म्हणतात. गर्दी होती, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला "स्वल्प तडीरी" (जरा थांबा) म्हणून ते कात्री ठेवून आमच्याकडं आले आणि आधी माझ्याशी नाही, पोरीशी बोलले. "कशानं कापलीस गे? दाखव बघू हात कसा धरलीस." हिनं हवेत कात्री चालवून दाखवली. "वा, हात बरा आहे, पण आरशात उलटं दिसतंय की नाही, म्हणून चुकतंय, मागचे मला कापू दे." तेवढ्यावर ही स्वतःहून खुर्चीच्या दोन हातांवर टाकलेल्या फळीवर चढून बसली. ट्रिमर काढलाच नाही, सगळं कात्री आणि कंगव्यानं.

मला आवडलं ते म्हणजे त्या माणसाला कुठं कापायचं नाही हे पक्कं माहीत आहे. मुळापासून गेलेल्या पट्ट्याला हातच लावला नाही. म्हणाले तिथं जुळवायला केसच नाहीत, बाकीचे त्याच्या मापाला आणले तर सगळंच गेलं. मग त्यांनी भांगच बदलला, उजवीकडनं काढून वरचे लांब केस त्या पट्ट्यावरनं आडवे आणले, उजवा झुपका विरळ करायच्या दातेरी कात्रीनं हलका केला, आणि ती लोंबणारी बट बाकीच्यात मिळवून गालापर्यंत उतरती केली. पाण्याचा फवारा पण पुढच्या केसांवर मारला नाही. ओले केस ताणून लांब दिसतात, वाळले की वर जातात आणि झालर ठरवल्यापेक्षा आखूड होतीय, हे त्यांनी काम करता करताच सांगितलं. घरी झालर कापणाऱ्या आयांनी हे लक्षात ठेवा.

देखाव्याचं सांगितलं तर हसले, "नऊवारी नेसून डोक्यावर पदर येणारच की, कोण बघालंय कपाळ?" खरंच, आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं हे.

पुढचं पण स्पष्ट सांगितलं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, फार तर थोडा जास्त वाढतो, म्हणजे तो पट्टा भुवईपर्यंत यायला पाच-सहा महिने धरा, तोपर्यंत साधी क्लिप लावा, रबर घट्ट ओढून बांधू नका, जेल नको, आणि दर महिन्याला माझ्याकडं आणू नका, मध्ये एकदा कडा सारख्या करायला आणलं की पुरे. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः कमी करणारा दुकानदार, काय बोलायचं. पैसे साध्या पोरांच्या कटिंगएवढेच घेतले, जास्त काम झालं म्हणून वर काय लावलं नाही, स्कॅनर आहे.

आता खोडी पण सांगतो, नाहीतर म्हणाल नातेवाईक आहे. टीव्हीवर कन्नड बातम्या एवढ्या मोठ्यानं लावलेल्या असतात की पोरगं काय म्हणतंय ते ऐकायला वाकायला लागतंय. गळ्याभोवती बांधायचं कापड बरंच वापरलेलं, आणि मोठ्या माणसाच्या मापाचं असल्यामुळं बारीक केस सगळे पाठीत गेले, घरी येईपर्यंत पोर खाजवून खाजवून बेजार. बायकांना बसायला अवघड वाटेल, पूर्ण पुरुषांचंच दुकान, त्यामुळं माझ्या बायकोला बाहेर उभं राहून दारातनं सूचना द्याव्या लागल्या (मामांनी एकही ऐकली नाही, बरंच झालं). बोळात फोर व्हीलर जात नाही. फोनवर नंबर वगैरे लावत नाहीत, जाऊन बसायचं.

पाचपैकी साडेचार, अर्धा त्या कापडाचा कापला. जायचं तर रविवार सोडून सकाळी लवकर जावा, घरनं सुती टॉवेल आणि बदलायला एक बनियन घेऊन जावा, आणि पोरानं कापलेले केस टाकून न देता दाखवायला न्या, मामांनी आमच्या कंपासबॉक्समधली ती पुडी उघडून लांबी बघूनच भांग कुठनं काढायचा ते ठरवलं.