तीनदा परत पाठवलं म्हणून पाच स्टार

आमची चिमी गावठी कुत्री आहे, अडीच वर्षांची, वजन साडेसोळा किलो. तिचं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन इथंच जुळे सोलापूरच्या दवाखान्यात झालं, त्याला आता तीन आठवडे झालेत, टाके निघालेत, म्हणून आता निवांत बसून लिहितेय. ज्यांना आपल्या कुत्र्याचं ऑपरेशन करायचंय त्यांनी जरा वेळ काढून पूर्ण वाचा.

पहिल्यांदा गेलो ते जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपली त्या आठवड्यात. चिमी नुकतीच हीटमधून, म्हणजे माजातून गेलती. डॉक्टर म्हणाले आत्ता नाही, ह्या दिवसांत पिशवीच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त जास्त जातं, दोन-अडीच महिने थांबा. पण तोवर पाणी खूप प्यायला लागली, जेवण सोडलं किंवा मागून पू दिसला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी आणा, पिशवीत पू होतो म्हणाले. एवढं सांगून फी पण घेतली नाही.

दुसऱ्यांदा मार्चमधे. आधी रक्त तपासलं, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी आणि लिव्हर-किडनीचं. आम्हाला वाटलं कशाला एवढं, चांगली उड्या मारतेय की. रिपोर्टात प्लेटलेट ७२ हजार, कुत्र्याला दोन लाखाच्या वर पाहिजेत. गोचिडाचा ताप आतल्या आत होता आणि वरून काहीच दिसत नव्हतं!! रक्तच नीट गोठलं नसतं टेबलावर. डॉक्टरांनी कानाच्या मागं बोट घालून मला दाखवलं, मुगाच्या डाळीएवढी एक गोचीड चिकटलेली, मी रोज त्याच कानावरनं हात फिरवत होते. मग २८ दिवस डॉक्सी ह्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, गोचिडाचं औषध आणि परत रक्त. ह्यावेळी २ लाख ४० हजार.

आणि तिसऱ्यांदा जे झालं ते मी कधी विसरणार नाही. एप्रिलमधली तारीख मिळाली, सकाळी आठची. आदल्या दिवशी आंघोळ घातली कारण नंतर टाके निघेपर्यंत पाणी लावायचं नसतं. सूचना होत्या, रात्री नऊनंतर खाणं बंद, पाणी सकाळी सहापर्यंत चालेल मग वाटी उचलायची. सगळं केलं. दवाखान्यात पोचल्यावर कंपाउंडर दादांनी वजन घेतलं, भुलीचं औषध किलोवर ठरतं म्हणून ऑपरेशनच्या दिवशी परत वजन घेतात, आणि त्यांनी विचारलं शेवटचं कधी खाल्लं. मी म्हणलं रात्री साडेआठ. तर त्यांनी माझं ऐकून गप्प न बसता सोबतच्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. आई हळूच म्हणाली, पहाटे एवढीशी भाकरी दुधात कुस्करून दिली, पोर उपाशी पोटी कापायला न्यायची का.

डॉक्टर बाहेर आले, आईवर अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "मावशी, भूल दिल्यावर घसा ढिला पडतो, पोटातलं वर आलं की सरळ फुफ्फुसात जातं. आज नको, परवा या."

मी तिथंच बाकड्यावर बसून रडले. कारण सहा वर्षांपूर्वी आमच्या आधीच्या कुत्र्याच्या, मोतीच्या वेळी दुसऱ्या एका ठिकाणी कोणी काही विचारलंच नव्हतं. ना रक्त तपासलं ना जेवणाचं विचारलं. भुलीत त्याला उलटी झाली, न्यूमोनिया झाला, चौथ्या दिवशी गेला. त्या ठिकाणाचं नाव नाही घेत. पण तेव्हा कोणी एक प्रश्न जरी विचारला असता तर, हे इतकी वर्षं डोक्यात होतं.

नव्या तारखेच्या आदल्या रात्री आईनंच चिमीच्या पट्ट्याला वहीचा कागद बांधला, पेनानं मोठ्या अक्षरात "हिला कोणी काही देऊ नका". शेजारच्या पोरांनी पण वाचला पाहिजे म्हणून.

ऑपरेशनला तासापेक्षा कमी वेळ लागला. नंतर मला आत बोलावलं, बाहेर ४१ डिग्री आणि चिमी थडथड कापत होती. मी घाबरले तर डॉक्टर म्हणाले भुलीत अंगाचं तापमान उतरतं, घाबरू नका, तुमची चादर द्या. घरची जुनी सोलापुरी चादर न्यायला त्यांनीच सांगितलेलं, घरचा वास असला की जनावर शांत उठतं म्हणे. खरंच, तिनं आधी नाक चादरीत खुपसलं आणि मग डोळे उघडले. हिरड्या दर थोड्या वेळानं बघत होते, गुलाबी आहेत का पांढऱ्या पडतायत. दुपारच्या उन्हात रिक्षात घालू नका म्हणून सहापर्यंत ठेवून घेतलं, त्याचे जादा पैसे नाहीत.

एकूण साडेनऊ हजार झाले, रक्ताच्या दोन्ही तपासण्या धरून. मला महाग नाही वाटलं, पण हे आधी कागदावर लिहून देत नाहीत, तोंडीच सांगतात, ते लिहून द्यायला पाहिजे. सूचना पण तशाच तोंडी. व्हॉट्सॲपवर मराठीत एक मेसेज टाकला असता तर आईपर्यंत पोचलं असतं. बसायला एकच पत्र्याचं शेड आहे, कुत्री-मांजरं सगळी एकत्र, मांजर असेल तर झाकलेल्या पेटीतच न्या. रात्री आठनंतर फोन लागत नाही, मला एका रात्री टाक्याजवळ सूज वाटली तेव्हा सकाळपर्यंत जीव टांगणीला लागलता.

पिल्लू असेल तर जेवण किती तास बंद ठेवायचं ते त्यांना वेगळं विचारा, लहान पिल्लांना रात्रभर उपाशी ठेवत नाहीत, साखर उतरते. आणि घरातली अंगदुखीची गोळी आधी किंवा नंतर अजिबात देऊ नका, हे ते स्वतः दोनदा बजावतात. टाके चाटू नयेत म्हणून घालतात तो गळ्यातला भोंगा टाके निघेपर्यंत काढायचा नाही, चिमीनं पहिले दोन दिवस सगळ्या दारांना धडका दिल्या मग सवय झाली.

टाके बाराव्या दिवशी काढले. आई स्वतः आलती, डॉक्टरांसाठी डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन. चिमीला पण त्यातला एक तुकडा मिळाला, डॉक्टरांना विचारून.