स्पीच थेरपी : जिना वाईट, बाई चांगल्या

कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर हे स्पीच थेरपीचं क्लिनिक आहे. लिफ्ट नाही. येणाऱ्यांतल्या निम्म्यांचा उजवा पाय ओढला जातो, आणि पायऱ्या ३४. ह्यांना रोज मोजत चढवते, म्हणून पाठ आहेत. रेटिंगमधला एक तारा तिथंच कापला. क्लिनिकचं नाव मुद्दाम देत नाही. जिन्याचं त्यांना तोंडावर सांगून झालंय.

हे पुण्याच्या पीएमटी बसवर कंडक्टर होते. फेब्रुवारीत एका सकाळी उजव्या हातातला कप निसटला, तोंड वाकडं झालं. दोन तासांत हॉस्पिटल गाठलं म्हणून मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं; साडेचार तास उलटले की ते सहसा देत नाहीत. पाय बराचसा सुधारला. बोलणं गेलं ते गेलंच.

'वाचाघात', म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणं, हा शब्द मी इथं पहिल्यांदा ऐकला. थेरपिस्ट बाईंनी पावतीच्या मागे मेंदू काढून दाखवला. बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते. ह्यांचा पुढचा भाग, ब्रोका नावाचा, दुखावलाय. १८६१ मध्ये पॅरिसच्या ब्रोका डॉक्टरांकडे एक पेशंट होता, त्याला सगळं कळायचं पण तोंडातून फक्त 'टॅन' यायचं. ह्यांचं तसंच. कळतं बरंचसं, पण "डॉक्टर... गोळी... उद्या" एवढंच निघतं. नामं येतात, क्रियापदं आणि प्रत्यय गळतात. आमच्या वन्सं मात्र अजून ह्यांच्या कानाशी ओरडून बोलतात. अहो, कान शाबूत आहेत!

बाहेरच्या बाकावर एक आजी भेटतात. त्यांचं अगदी उलटं. झरझर बोलतात, सूर, हातवारे सगळं बरोबर, पण शब्दांचा मेळ नाही, आणि आपलं चुकतंय हे त्यांना जाणवतही नाही. त्यांचा मागचा, कानाजवळचा भाग गेलाय. दोघं शेजारी बसले की आजी बोलतात आणि हे मान डोलावतात.

आता मुख्य तक्रार. सुरुवातीची चित्रांची कार्डं परदेशी होती. बर्फाचा माणूस, शेकोटीचं धुराडं, ब्रोकोली. धडधाकट असताना तरी ह्यांनी कधी ब्रोकोली म्हटलंय? तीन आठवडे वाया गेले. मी चिडून बोलले, तर बाईंनी ऐकून घेतलं आणि घरून फोटो आणायला सांगितले. लिंबू, किल्ली, नातीची सायकल.

नंतर त्यांनी विचारलं, कंडक्टर होते ना, कुठला रूट? त्या "डेक्कन" म्हणाल्या आणि ह्यांनी एका दमात "गरवारे, नळस्टॉप, कर्वे पुतळा" म्हटलं. मी रडले. बाई म्हणाल्या, एवढ्यात खूश होऊ नका. रोज घोकलेलं, आकडे, शिव्या, आरती हे मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. आरती हे अख्खी म्हणतात, पण समोर मूर्ती ठेवून "हे कोण?" विचारलं की गप्प. म्हणून त्या थांब्यांमध्ये मुद्दाम खोडा घालतात : नळस्टॉपला कोण उतरलं? काय घेऊन उतरलं? तिथं क्रियापद लागतं. "पाणी हवं" हे दोन सुरांत गाऊन, डाव्या हातानं टेबलावर ताल धरून म्हणून घेतात. मग सूर हळूहळू काढून टाकतात.

४५ मिनिटांचे ७०० रुपये, आठवड्यातून दोनदा. घरचा अभ्यास वहीत लिहून देतात आणि पुढच्या वेळी खरंच तपासतात. शनिवारी जाऊ नका, वाट बघण्यात तास जातो. पूर्वीसारखं बोलतील का, असं विचारलं तर बाईंनी तारीख दिली नाही. मला ते बरं वाटलं. आधी एकानं "महिन्यात बोलते करतो" म्हणून पैसे घेतले होते.

हो आणि नाही ह्यांचं उलटं व्हायचं. वांगं वाढू का, तर "हो", आणि मग ताट ढकलून द्यायचे. मार्चभर मला वाटायचं, रागावलेत. परवा भाजी पुढे केली तेव्हा "नाही" म्हणाले, मानही आडवी हलवली. वांगं मी संपवलं.