साखर कारखान्याचं पाणी: सगळं ईटीपीत की कंडेन्सेट वेगळं?

उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. रोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात साधारण ३,५०० टन पाणी उसाबरोबरच आत येतं. काही बगॅसमधून (उसाच्या चोथ्यातून) जातं, बाकीचं बहुतेक रस आटवताना वाफेवाटे निघतं आणि ती वाफ थंड होऊन कंडेन्सेट म्हणून हाती लागतं. तरी कारखाना नदीवर पंप लावून बसतो, हे नवलच.

पहिला मार्ग सोपा: जास्तीचं कंडेन्सेट आणि गव्हाणीकडचं (जिथे ऊस टाकतात), मिलहाऊसचं (जिथे ऊस गाळतात) धुण्याचं पाणी एकाच ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमध्ये, सोडायचं. खर्च कमी, एकच प्लँट. पण मिलहाऊसच्या पाण्यावर तेलाचा तवंग, बगॅसचा भुगा, सांडलेला रस. त्यात गरम कंडेन्सेट आलं की टाकीतले घाण खाणारे जिवाणू लंगडे पडतात, आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणीही घाणीत जमा होतं. निघालेलं पाणी फार तर शेताला.

दुसरा मार्ग कंडेन्सेट पॉलिशिंग युनिटचा. पाणी थंड करायचं, जैविक प्रक्रियेने विरघळलेले सेंद्रिय पदार्थ घटवायचे, मग वाळू आणि कार्बनच्या फिल्टरमधून काढायचं. ते कूलिंग टॉवरला चालतं. बॉयलरला मात्र जपून: साखरेचा अंश गेला तर आम्ल तयार होऊन नळ्या खातं. म्हणून लॅबवाला परीक्षानळीत अल्फा नॅफ्थॉल टाकून कडेने सल्फ्युरिक ॲसिड सोडतो. जांभळी कडी दिसली की ते पाणी बॉयलरकडून वळवायचं.

पैसे जास्त लागतात, पण माझं मत दुसऱ्या मार्गाला. धुण्याच्या पाण्यासाठी छोटा ईटीपी मात्र ठेवावाच लागतो.