तेलुगू सिनेमा ऐकायचा कुठे: हिंदी डब, सबटायटल की आरटीसी क्रॉस रोड्स?

मोठा तेलुगू चित्रपट यायचा झाला की पुण्या-नाशकातल्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. हिंदीत बघू की तेलुगूत? हैदराबादला येणारच आहोत, तर तिथेच बघायचा का? आणि तिथे बघायचा तर मॉलमध्ये की आरटीसी क्रॉस रोड्स चौकातल्या त्या शिट्ट्यांच्या थिएटरात? मी हैदराबादेत राहते, म्हणून हे प्रश्न माझ्या वाट्याला. बहुतेकांना हीरो कोण आणि स्टोरी कशी यावरून ठरवायचं असतं. मी उलट विचारते, संगीत कोणाचं आहे आणि त्यातलं तुम्हाला काय हवंय?

कारण तेलुगू व्यावसायिक चित्रपटात संगीताची दोन खाती आहेत. एक गाण्यांचं. दुसरं पार्श्वसंगीताचं, ज्याला इथे शाळकरी पोरंसुद्धा ‘बीजीएम’ म्हणतात आणि ज्याच्या जोरावर हीरोचं ‘एलिव्हेशन’ उभं राहतं. एलिव्हेशन म्हणजे हीरो नुसता गाडीतून उतरतो, पण ढोल, ब्रास आणि कोरस असा काही चढत जातो की तो देवळातून पालखी निघावी तसा उतरतो. गाण्याला शब्द कळणारा कान लागतो, बीजीएमला गर्दी लागते. दोन्ही एकाच खुर्चीत बसून मिळत नाहीत, आणि सगळा निर्णय इथेच आहे.

आधी हिंदी डब. त्याला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. संवादांचं डबिंग आता खरंच चांगलं होतं, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. ‘बाहुबली’मधल्या प्रभासचा हिंदी आवाज शरद केळकरचा, ‘पुष्पा’मधल्या अल्लू अर्जुनचा श्रेयस तळपदेचा. श्रेयसने त्या खांदा वर करून चालणाऱ्या माणसाला जो बेफिकीर सूर दिला, त्याशिवाय २०२१ च्या डिसेंबरात तो चित्रपट हिंदी पट्ट्यात एवढा चालला असता असं मला वाटत नाही. घरात सत्तरीतले आईबाबा असतील, सबटायटलं वाचायचा कंटाळा असेल, तर डोळे झाकून हिंदी तिकीट काढा.

अडचण गाण्यांपाशी होते. चाल तीच, ओठांची हालचाल तीच, आणि त्या मापात हिंदी शब्द बसवायचे. तेलुगू शब्द बहुतेक स्वरात संपतो. त्यामुळे गायकाला ओळीचा शेवट हवा तेवढा लांबवता येतो, मात्रा मोकळी राहते. हिंदी शब्द बऱ्याचदा व्यंजनावर आपटतो. मग डबचा गीतकार ओळीच्या शेवटी ‘है’, ‘रे’, ‘ना’ अशी भरताड घालतो, किंवा अर्थ सोडून नाद धरतो. दोष त्याचा नाही, साचाच दुसऱ्याचा आहे. ‘श्रीवल्ली’ हे गाणं पाठोपाठ ऐकून बघा. तेलुगूत सिद श्रीराम, हिंदीत जावेद अली. जावेद अलीने कसर ठेवलेली नाही, आणि हिंदी गाणं आपल्याकडे लग्नाच्या वरातीपर्यंत पोचलं. पण तेलुगूत सिद श्रीराम शेवटचा स्वर जिथे हलका वळवतो, तिथे हिंदीत शब्द आधीच संपलेला असतो. (सिद श्रीरामच्या तेलुगू उच्चारांवर इथली मंडळी कुरकुरतात, ते निराळं.) त्याच चित्रपटातलं ‘ऊ अंटावा’ तेलुगूत इंद्रावती चौहानने गायलंय. तो जरा खरखरीत, रस्त्यावरचा आवाज आहे. हिंदीत कनिका कपूर आली आणि गाणं क्लबमध्ये गेलं. वाईट झालं नाही, दुसरंच झालं.

गीतकार हा तेलुगूत मोठा माणूस असतो, ही गोष्ट डबमध्ये कळतच नाही. वेटुरी सुंदरराम मूर्ती, सिरिवेन्नेला सीताराम शास्त्री ही नावं इथे आपल्याकडच्या गदिमांसारखी घेतली जातात. सिरिवेन्नेला २०२१ च्या नोव्हेंबरात गेले. २०२३ चं ऑस्कर ‘आरआरआर’मधल्या ‘नाटु नाटु’ला मिळालं तेव्हा मंचावर संगीतकार कीरवाणींबरोबर गीतकार चंद्रबोस उभे होते. पुरस्कार तेलुगू गाण्याला होता. हिंदीत त्याचं ध्रुवपदच बदललेलं होतं.

आता ‘सामजवरगमना’ घ्या. २०२० च्या संक्रांतीला आलेल्या ‘अला वैकुंठपुरमुलो’मधलं, थमनचं संगीत, सिरिवेन्नेलांचे शब्द. हा चित्रपट तेव्हा हिंदीत डब होऊन थिएटरात आलाच नव्हता, तरी गाणं आपल्याकडच्या रिंगटोनांपर्यंत पोचलं. नाव कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांच्या कृतीवरून उचललेलं आहे, अर्थ हत्तीसारखी डौलदार चाल असलेला. ती कृती हिंदोलम् रागातली, म्हणजे आपल्या मालकंसाच्या घरातली. एवढं ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला नायक नायिकेच्या चालण्यावर गातोय यात एक जादा गंमत मिळते. त्यागराज राहिले तमिळ मुलखात, लिहिलं मुख्यतः तेलुगूत, आणि त्यांच्या काळात तंजावरच्या गादीवर होते भोसले. त्याच घराण्यातल्या, तंजावरच्या शहाजीराजांनी (शिवरायांचे वडील नव्हेत) तेलुगूत यक्षगानं, म्हणजे संगीत नाट्यं, लिहिली. तेव्हा ‘ही भाषा आपल्याला काय कळणार’ असं म्हणणाऱ्या मराठी माणसाला मी फार दाद देत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या किंवा सिरोंच्याच्या वाचकांना तर हे सांगायलाच नको. त्यांच्या घरात तेलुगू आहेच, त्यांनी डबकडे फिरकूही नये.

गाण्यांसाठी जायचं असेल, तर माझं मत सबटायटलवाल्या मूळ तेलुगू शोला. आणि इथे एक उलटी गोष्ट आहे: हा शो हैदराबादपेक्षा पुण्या-मुंबईत सहज सापडतो. हैदराबादेत तेलुगू चित्रपटाला इंग्रजी सबटायटलं सहसा नसतात. कोणाला हवीत? पुण्यात हिंजवडी, वाकड, खराडी या पट्ट्यातल्या मल्टिप्लेक्सांत तेलुगू शो लागतात, आणि ॲपवर सबटायटलांचा उल्लेख आहे का ते आधी बघता येतं. सभागृह आयटीतल्या तेलुगू पोरापोरींनी भरलेलं असतं. शिट्ट्या वाजतात, पण संवाद ऐकू येण्याइतक्या. नवख्या माणसाला मी हाच पर्याय पहिला सुचवते. थोडी गर्दी, थोडे शब्द, आणि आवडलं नाही तर घरी जायला अर्धा तास. एक तोटा म्हणजे सबटायटल करणारे गाण्यांत आळस करतात. संवाद नीट लिहितात आणि गाणं आलं की पट्टी गायब. त्यावर उपाय सोपा आहे. गाणी चित्रपटाच्या आधी एकेक करून यूट्यूबवर येतात. ‘सामजवरगमना’ सप्टेंबर २०१९ मध्ये आलं, चित्रपट जानेवारीत. तेलुगू प्रेक्षक गाणी पाठ करूनच थिएटरात येतो. तुम्हीही दोन-चारदा ऐकून, अर्थ शोधून जा.

हैदराबादच्या मल्टिप्लेक्सवर फार वेळ घालवत नाही. गचिबोवलीचं एएमबी (हीरो महेशबाबूची भागीदारी, २०१८ पासून) आणि अमीरपेटचं एएए (अल्लू अर्जुनची, २०२३ पासून) चकाचक आहेत, आवाज स्वच्छ आहे, पण असं थिएटर तुमच्याही शहरात असेल. अपवाद प्रसाद्सचा. हुसेनसागराजवळ २००३ साली आयमॅक्स म्हणून सुरू झालेलं हे थिएटर आता आयमॅक्स नाही. तिथल्या मोठ्या पडद्याला पीसीएक्स म्हणतात, आणि तो रुंदीला शंभर फुटांवर आहे. ‘बाहुबली’वाल्या राजामौलींच्या जातीचा चित्रपट असेल, ज्यात सैन्यं आणि जनावरं दोन्ही पळतात, तर तिथेच जावं. पहिल्या दिवशी सकाळचा शो सुटला की अंगणात यूट्यूब चॅनेलवाले माइक घेऊन तयार असतात. ‘पब्लिक टॉक’ नावाचा हा एक स्वतंत्र करमणुकीचा प्रकार आहे, तिकिटाविना.

आता आरटीसी क्रॉस रोड्स. काचीगुडा-नारायणगुड्यापासून जवळच्या या चौकाच्या आसपास संध्या, देवी, सुदर्शन, सप्तगिरी ही थिएटरं चालण्याच्या अंतरात आहेत. पूर्वी ओडियनही होतं, ते पाडून तिथे मॉल झाला. नावांमागे अजून ‘७० एमएम’, ‘३५ एमएम’ लावतात, यंत्रं कधीच डिजिटल झाली तरी. सुदर्शन ३५ हे महेशबाबूच्या चाहत्यांचं माहेरघर. आपल्याकडे तालमींना जशी पेठ चिकटलेली असते तशी इथे थिएटरांना चाहत्यांची गादी चिकटलेली आहे.

पहिल्या दिवशी काय होतं ते नीट सांगते, कारण निर्णय त्यावरच घ्यायचा आहे. बाहेर हीरोचा दोन-तीन मजली कटआउट, त्याला हार, कधी दुधाचा अभिषेक. ढोल-ताशा असतोच. आत दिवे जातात आणि पडद्यावर नुसती अक्षरं येतात: मेगास्टार, पॉवर स्टार, रिबेल स्टार, जो असेल तो. त्या अक्षरांना जो आवाज उठतो तो स्पीकरचा नसतो. मग कागदाच्या कपट्यांचा पाऊस. पुढच्या रांगेतली पोरं रात्रभर बसून पेपर फाडून पिशव्या भरून आणतात. हीरोची एंट्री झाल्यावर दिग्दर्शक मुद्दाम काही क्षण संवाद ठेवत नाही, कारण ठेवला तर कोणाला ऐकू जाणार? बीजीएम नेमकं या पोकळीसाठी लिहिलेलं असतं. घरी टीव्हीवर तेच दृश्य बघा, हीरो उगाच ताटकळत उभा आहे असं वाटेल आणि संगीत भडक वाटेल. थमन किंवा देवी श्री प्रसाद हे संगीतकार ‘फार वाजवतात’ अशी तक्रार मी पुण्याच्या सोफ्यांवर पुष्कळ ऐकली आहे. संध्या थिएटरच्या बाल्कनीत तीच तक्रार कोणी केलेली मला तरी आठवत नाही.

पण शब्द विसरा. गाण्याची पहिली ओळ सुरू झाली की सभागृह गातं आणि गायक बुडतो. गोष्टही अर्धीच कळते. त्यातून चित्रपट लांब, ‘पुष्पा २’ तर तीन तास वीस मिनिटांचा होता. माझा सल्ला असा की मास चित्रपट असेल, म्हणजे हीरो, मारामारी आणि इंटरव्हलला दणका, तर भाषा न कळताही इथे जा. गोष्ट हळू उलगडणारी असेल तर इथे पैसे घालवू नका.

पैशांचंच म्हणाल तर फरक बेताचा आहे. तेलंगणा सरकारच्या २०२१ च्या आदेशानुसार एसी सिंगल स्क्रीनला जास्तीत जास्त १५० रुपये, मल्टिप्लेक्सला २५०, रिक्लाइनरला ३००, वर जीएसटी. मोठ्या चित्रपटांना सुरुवातीच्या दिवसांसाठी सरकार दर वाढवायची वेगळी परवानगी देतं, तेव्हा पहिल्या आठवड्याचा भाव ॲपवर बघूनच ठरवा. खरी बचत खाण्यात होते. मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नच्या पैशात क्रॉस रोड्सला बावर्चीची बिर्याणी येते.

गर्दीबद्दल मात्र गंमत करणार नाही. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री संध्या थिएटरात ‘पुष्पा २’च्या प्रीमियरला अल्लू अर्जुन आला आणि चेंगराचेंगरीत एका बाईचा जीव गेला, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. त्यानंतर अटक, विधानसभेत चर्चा, सगळं झालं. म्हणून माझे नियम साधे आहेत. हीरो येणार अशी कुणकुण असलेला शो नको. प्रीमियर आणि भल्या पहाटेचा खास चाहत्यांचा शो नको. मुलांना पहिल्या दिवशी मुळीच नाही. बायकांनी एकटीने जायचं तर बाल्कनी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा मॅटिनी. शिट्ट्या तेव्हाही असतात, धक्काबुक्की नसते. बाल्कनीत कुटुंबं बरीच येतात, शेजारच्या काकू तुम्हाला तेलुगू येत नाही हे कळल्यावर विनोद हिंदीत समजावूनही सांगतात, तुम्ही विचारा न विचारा.

आणि घरी, ओटीटीवर? गाण्यांसाठी ही दुसऱ्या क्रमांकाची जागा, फक्त भाषा तपासून घ्या. हक्क भाषेगणिक वेगळे विकले जातात. ‘आरआरआर’ २०२२ मध्ये आला तेव्हा हिंदी नेटफ्लिक्सवर आणि तेलुगू झी५वर होता, आणि निम्मं जग हिंदीलाच मूळ समजून बघत होतं. हिंदी आवृत्ती बऱ्याचदा उशिरा येते, कारण मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदीसाठी आठ आठवड्यांची अट घालतात. तेलुगू त्याआधी येऊन जातं.

राहता राहिली एक वाट, जिथे शब्द आणि गर्दी दोन्ही मिळण्याची थोडी शक्यता आहे: पुन्हा प्रदर्शित होणारे जुने चित्रपट. ९ ऑगस्ट २०२२ ला महेशबाबूच्या वाढदिवशी ‘पोकिरी’चे शो लागले, पुढच्याच महिन्यात पवन कल्याणच्या वाढदिवसाला ‘जलसा’, आणि मग ही रीतच पडली. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कोणी पडद्याकडे चिंतेने बघत नाही. मणि शर्मा किंवा देवी श्री प्रसादचं गाणं लागलं की पूर्ण थिएटर पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत गातं, आणि तुम्ही तो चित्रपट आधी घरी सबटायटलं लावून बघितलेला असेल तर तुम्हालाही गाता येतं. हैदराबादची फेरी जुळवायची असेल तर तारखा अशा: रामचरण २७ मार्च, अल्लू अर्जुन ८ एप्रिल, ज्युनिअर एनटीआर २० मे, महेशबाबू ९ ऑगस्ट, चिरंजीवी २२ ऑगस्ट, पवन कल्याण २ सप्टेंबर, प्रभास २३ ऑक्टोबर. आरटीसी क्रॉस रोड्सला मेट्रोच्या हिरव्या मार्गावर त्याच नावाचं स्टेशन आहे, पण रात्रीचा शेवटचा शो सुटतो तेव्हा मेट्रो बंद झालेली असते. फर्स्ट शोचं, म्हणजे इथल्या भाषेत संध्याकाळच्या शोचं, तिकीट काढा.