स्ट्रेचिंगचा पट्टा : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

ऑगस्टमध्ये व्यायाम सुरू असतानाच माझ्या स्ट्रेचिंगच्या पट्ट्याची लोखंडी कडी सांध्याशी उघडली आणि ताणून धरलेला पाय एकदम सुटला. इजा झाली नाही. परंतु विक्रेत्याने जे उत्तर दिले, त्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आठ फुटी सुती पट्टा, दोन अर्धगोल कड्या आणि किंमत साडेतीनशे रुपये, हा प्रकार बहुतेकांच्या परिचयाचा आहे.

मार्चमध्ये तो घेतला तेव्हा जुन्या ओढणीनेही हेच काम भागेल, असे माझे ठाम मत होते. ते लवकरच बदलले. उभ्याने पायाचे अंगठे धरू पाहिले की पाठीला बाक येतो, गुडघे वाकतात, आणि हात खाली पोहोचला तरी मांडीच्या मागचा स्नायू होता तसाच राहतो. याउलट पाठीवर झोपून, पट्टा तळपायात अडकवून पाय सरळ वर घेतला, म्हणजे सुप्त पादांगुष्ठासन केले, की कंबर जमिनीवर स्थिर राहते आणि ताण नेमका हवा तिथे येतो. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनांच्या सरावात पट्ट्यांना एवढे स्थान का दिले, हे मला तेव्हा उमगले.

ताण किती वेळ धरावा, याबाबत बँडी आणि आयरियन यांचा 1994 चा अभ्यास मी प्रमाण मानते. त्यात सहा आठवड्यांच्या सरावानंतर 15 सेकंदांपेक्षा 30 सेकंद सरस ठरले, मात्र 60 सेकंदांनी त्याहून अधिक लाभ दिसला नाही. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर चालायला निघण्यापूर्वी मी पट्ट्याला हात लावत नाही. एकाच स्नायूला मिनिटभराहून अधिक स्थिर ताण दिला तर त्याची ताकद काही काळ घटते. तेव्हा फक्त पाय पुढे-मागे झुलवते आणि पट्टा परतल्यावर, अंग गरम असताना वापरते.

खरा लाभ झाला तो आकुंचन-शिथिलन पद्धतीने. पाय ताणलेला असताना टाच पाच-सहा सेकंद पट्ट्याविरुद्ध दाबायची, मग सैल सोडून पाय किंचित आणखी जवळ घ्यायचा. उजवा पाय आता काटकोनापर्यंत येतो. डावा अजून मागे आहे. मात्र या पद्धतीत सगळा जोर कडीवर येतो, म्हणून कडीचा दोष मी किरकोळ मानायला तयार नाही.

कडी म्हणजे वाकवलेली, मुलामा दिलेली लोखंडी तार होती आणि तिची टोके वेल्ड केलेली नव्हती. जुलैतच सांध्याजवळचा मुलामा पापुद्र्यांनी सुटू लागला, सुती कापडावर तांबूस डाग पडले आणि फट नखाला जाणवू लागली. विक्रेत्याचे म्हणणे असे की ही दमट हवेत ठेवल्यामुळे झालेली झीज आहे, सबब वस्तू बदलून मिळणार नाही. पावसाळ्यात पणजीतल्या माणसाने कोरडी हवा कुठून आणावी? शिवाय व्यायामाच्या वस्तूला घामाचे मीठ लागणारच.

अखेर होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानातून वेल्ड केलेल्या स्टेनलेस स्टीलच्या दोन कड्या आणल्या आणि म्हापशाच्या बाजारातल्या चांभाराकडून त्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवून घेतल्या. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत झाला. कापड आणि शिवण उत्तम असल्यामुळे पट्टा टाकून द्यावासा वाटला नाही. पण नवा घेणाऱ्यांनी कडीच्या सांध्यावरून नख फिरवून पाहावे, आणि फट लागली तर तो पट्टा घेऊ नये.