टेक्स्ट फील्डची तपासणी कधी करायची: कळ दाबताना, फोकस सुटताना की ‘ओके’वर?

डेस्कटॉप अ‍ॅपच्या फॉर्ममध्ये लिहिलेलं बरोबर आहे की नाही, हे बघायच्या जागा तीनच: प्रत्येक कळ दाबताना, फोकस (टाइप केलेलं कुठल्या फील्डमध्ये जाणार ती निवड) सुटताना आणि ‘ओके’ दाबल्यावर. त्यातली फोकस सुटतानाची जागा सगळ्यांना आधी सुचते आणि दगाही तीच जास्त देते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

फोकस सुटताना

विंडो आणि फॉर्म बनवायच्या टूलकिटमध्ये यासाठी सोयी आहेत: विनफॉर्म्समध्ये व्हॅलिडेटिंग इव्हेंट, जावा स्विंगमध्ये इनपुटव्हेरिफायर, क्यूटीत एडिटिंगफिनिश्ड सिग्नल (इव्हेंट किंवा सिग्नल म्हणजे काही घडल्याची कोडला मिळणारी सूचना). अर्धवट आकड्यावर कुणी खेकसत नाही, हा फायदा. पण फोकस सुटणं आणि लिहून होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूपीएफ हे टूलकिट बघा. टेक्स्टबॉक्सचं बाइंडिंग (फील्ड आणि प्रोग्रामचा डेटा यांची जोडणी) मुळात लॉस्टफोकस आल्यावरच मूल्य पुढे पाठवतं. मेनू आणि टूलबार मात्र स्वतंत्र फोकस स्कोप आहेत, म्हणजे आपापला फोकस वेगळा लक्षात ठेवणारे भाग. टूलबारवरचं ‘सेव्ह’ दाबलं की कीबोर्ड फोकस हलतो, पण विंडोचा लॉजिकल फोकस (तिने स्वतःपुरता लक्षात ठेवलेला) टेक्स्टबॉक्सवरच राहतो. लॉस्टफोकस येत नाही आणि जुनंच मूल्य सेव्ह होतं. एंटरने डीफॉल्ट बटण चालवलं तरी तेच. बाइंडिंगचं अपडेटसोर्सट्रिगर प्रॉपर्टीचेंज्ड करा, म्हणजे प्रत्येक बदलाला मूल्य पुढे जाईल, नाहीतर सेव्हच्या हँडलरमध्ये (ते दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) आधी अपडेटसोर्स स्वतः चालवा.

उलट प्रकारही होतो. ऑल्ट-टॅबने दुसऱ्या अ‍ॅपमध्ये डोकावलं तरी स्विंगमध्ये फोकसलॉस्ट येतो. तिथे इझटेम्पररी (फोकस तात्पुरताच सुटलाय का) तपासल्याशिवाय काही करू नये. क्यूटीत एंटर दाबल्यावर एडिटिंगफिनिश्ड येतो, हँडलर चूक सांगणारा मेसेज बॉक्स उघडतो, त्या बॉक्समुळे फोकस सुटतो आणि सिग्नल पुन्हा येऊ शकतो. एका चुकीचे दोन बॉक्स! शिवाय फील्डला व्हॅलिडेटर (मजकूर तपासणारा घटक) लावला असेल तर मजकूर अमान्य असताना हा सिग्नल येतच नाही, म्हणजे चूक दाखवायला तो निरुपयोगी. मेसेज बॉक्स टाळा, चूक फील्डखालीच लिहा.

चूक सुधारेपर्यंत फोकस अडवून धरणं हा यातला सर्वात वाईट पर्याय. ‘कॅन्सल’ दाबायचं तरी फील्ड सोडत नाही. अडवायचंच असेल तर विनफॉर्म्समध्ये ‘कॅन्सल’ बटणाचं कॉजेसव्हॅलिडेशन फॉल्स करा. स्विंगमध्ये त्याच बटणाच्या सेटव्हेरिफायइनपुटव्हेनफोकसटार्गेटला फॉल्स द्या. विनफॉर्म्सच्या लीव्ह किंवा लॉस्टफोकस हँडलरमधून थेट फोकस परत ओढू नका, अ‍ॅप गोठू शकतं. बिगिनइन्व्होक वापरून ते काम इव्हेंट संपल्यावर होऊ द्या.

प्रत्येक कळीला

नको ती अक्षरं आणि लांबी रोखायला हे उत्तम, मूल्य तपासायला नाही. 10 ते 99 ही मर्यादा असेल तर 42 लिहिणारा आधी 4 लिहिणार, आणि 4 मर्यादेबाहेर आहे. क्यूटीचा व्हॅलिडेटर म्हणूनच तीन उत्तरं देतो: अमान्य, अपुरं, मान्य. इतरत्र हा ‘अपुरं’ स्वतः हाताळावा लागतो.

टाइप होत असतानाच मजकूर बदलायचा मोह आवरा. क्यूटीत सेटटेक्स्टने कर्सर शेवटी उडी मारतो आणि अनडूचा इतिहास पुसला जातो. स्विंगच्या डॉक्युमेंटलिसनरमधून (मजकूर बदलल्याची खबर घेणाऱ्या कोडमधून) मजकूर बदलला तर इललीगलस्टेटएक्सेप्शन मिळतं. त्या कामाला डॉक्युमेंटफिल्टर आहे.

‘ओके’वर

सगळी फील्डं एकदम तपासायची, पहिल्या चुकीच्या फील्डवर फोकस न्यायचा, मजकूर सिलेक्ट करायचा. सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेआधी आहे का, असं दोन फील्डांमधलं नातं तपासायला हीच खात्रीची जागा. चूक उशिरा कळते, हा तोटा. पाच-सहा फील्डांत तो जाणवत नाही, वीस फील्डांत जाणवतो.

इथे एक खाच आहे. चुकीचं फील्ड बंद टॅबमध्ये असेल तर आधी टॅब उघडा, मग फोकस मागा. विनफॉर्म्समध्ये न दिसणाऱ्या फील्डवर फोकस बसत नाही, फॉल्स परत येतं. स्विंगच्या रिक्वेस्टफोकसइनविंडोने दिलेलं फॉल्स म्हणजे नक्की नकार, पण ट्रू म्हणजे फक्त ‘बहुतेक’.

मग निवडायचं काय?

छोट्या डायलॉगला फक्त ‘ओके’. लांब फॉर्मला फोकस सुटताना चूक दाखवा पण माणसाला जाऊ द्या, आणि शेवटचा निकाल ‘ओके’वर. कळीची तपासणी दोन्हीकडे अक्षरं गाळण्यापुरतीच.

‘ओके’ नसलेल्या, बदल तिथल्या तिथे लागू होणाऱ्या सेटिंग्जच्या विंडोत मात्र फोकस सुटणं, एंटर आणि विंडो बंद होणं या तिन्ही वाटा सांभाळाव्या लागतात. शेवटची हमखास विसरली जाते. मॅकओएसच्या कोकोआ टूलकिटमध्ये चालू मजकूर विंडोच्या सामायिक फील्ड एडिटरकडे (सगळ्या फील्डांसाठी टायपिंग सांभाळणाऱ्या एकाच घटकाकडे) असतो. बंद करण्याआधी मेकफर्स्टरिस्पॉन्डरला निल (रिकामं मूल्य) देऊन तो मजकूर फील्डमध्ये उतरवून घ्या. उत्तर नकाराचं आलं तर विंडो बंद करू नका.